आधीचा चेहरा

९ तारीख, मंगळवार, दुपार

ताई,

नमस्कार. तू बरी असशील. पार्लर जोरात असेल, पाठ दुखत असेल आणि ती दुखते हे तू कोणाला सांगत नसशील. इकडे आम्ही मायलेकी ठीक. हे कामासाठी बाहेरगावी आहेत, महिनाअखेरीला येतील. तुझ्या भाचीची परीक्षा संपली. पेपर कसे गेले विचारलं की "गेले" म्हणते.

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस, तेवढी मी तुला ओळखते.

परवा आत्या येऊन गेली. तुझ्या दुसऱ्या शाखेच्या उद्घाटनाचं कार्ड घेऊन आली आणि सोबत तोंडी निरोप. कार्ड मी उलटं करून इस्त्रीखाली ठेवलं. निरोप मात्र ऐकावाच लागला, कारण तो तिने चहा संपवून, कप खाली ठेवून, घसा साफ करून दिला.

"धाकटीला सांग म्हणाली, पैसे नसतील तर फुकट करून देते. पण गच्चीवर बायका जमवून माझ्या धंद्यावर उठू नकोस." आणि मग हळूच, "बिचारीला परवडत नाही, असंही म्हणत होती गं."

ताई, मला परवडतं. नीट वाच. मला परवडतं आणि तरी मी देत नाही.

परवडत नाही म्हणून घरी केस कापते, हे तू आत्याला सांगितलंस. आत्या ते अख्ख्या नात्यात पोचवणार, त्या बाबतीत ती पोस्टापेक्षा भरवशाची. म्हणून आता मीच सगळं सांगते. निदान बातमी तरी खरी जाऊ दे.

आधी व्यायामशाळा. तुझ्या ओळखीने तूच नाव घालून दिलं होतंस, सवलतीत. मी दिवसभर कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर बसते. कोणाची पँट आखूड कर, कोणाचा झगा सैल कर, चाललेलंच असतं. संध्याकाळी तिथून बसने व्यायामशाळेत जायचं आणि एका पट्ट्यावर चालायचं. चालायला म्हणून बसने जायचं! एक दिवस बस बंद होती म्हणून पायी गेले, आणि दारात पोचल्यावर लक्षात आलं की व्यायाम झालासुद्धा. तिथूनच मागे फिरले. पुन्हा गेले नाही.

आता आमच्याकडे शिट्टीबाई आहेत. तिसऱ्या मजल्यावर राहतात, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या, पण शिट्टी शाळेला परत केली नाही. सकाळी आम्ही पाचसहा जणी जिना चढतो उतरतो आणि गच्चीवर पाण्याने भरलेले डबे उचलतो. बाई ओरडतात, "गुडघा वाकवा, तोंड नाही!" खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनी पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आल्या होत्या. आता त्या लिफ्ट बंद पडली की खूश होतात.

मग केस. हो, कापते. कापड कापायची कात्री केसांना लावायची नाही, हे आमच्या कामात पहिलं शिकवतात, म्हणून वेगळी कात्री घेतली. आणि पहिल्याच वेळी माती खाल्ली. मी केस ओले असताना, पट्टीने मोजून, अगदी सरळ रेषेत कापले. वाळले तेव्हा आपले कुरळे केस सर्रकन वर गेले आणि कान उघडे पडले. ताई, नवीन मुलींना मी रोज सांगते की सुती कापड आधी भिजवा, आटू द्या आणि मगच कात्री लावा. मी, आटण्यावर भाषण देणारी! दुकानात सगळ्या दोन दिवस तोंड दाबून हसत होत्या. शेवटी मीच म्हटलं, हसा गं एकदा मोकळ्या आवाजात आणि कामाला लागा. हल्ली वाळल्यावर कापते. बरे होतात.

लिंबाचंही सांगते, नाहीतर म्हणशील फुशारकीच मारते. कुठेतरी ऐकलं आणि गालावर लिंबू चोळलं. गाल असा भाजला की दवाखान्यात जावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिंबू ताटात ठेवा. चेहऱ्याला साधा साबण, एक साधं क्रीम, उन्हात जाताना उन्हाचं क्रीम. बस." मी विचारलं, आणि त्या बाकीच्या बाटल्या? त्या म्हणाल्या, "कपाट छान दिसतं त्याने."

सगळीकडेच हात आखडता घेते असंही नाही. दाताच्या डॉक्टरकडे वेळच्या वेळी जाते, लेकीलाही नेते. चष्मा चांगला घेतला, माझं पोट डोळ्यांवर आहे. बूट तर असे घेतले की हे म्हणाले, लग्नातही एवढे महाग घेतले नव्हतेस. आणि उरलेल्यातून शिवणाचं मोठं मशीन आलं, कडा एका फटक्यात शिवून कापणारं. पुढच्या वर्षी दुकान सोडून घरीच काम सुरू करणार आहे. बिचारी!

तुझ्या गिऱ्हाइकांचं म्हणशील तर मी कोणालाही ओढून आणलेलं नाही. त्या माझ्या कापलेल्या केसांना हसायला म्हणून वर आल्या आणि राहिल्या. बँकेतल्या वहिनी भुवयांसाठी अजून तुझ्याकडेच येतात, कारण आमच्यातल्या कोणी भुवयांना हात लावला तर माणूस वर्षभर दचकल्यासारखं दिसेल. तुझ्या हातात कला आहे हे मी सगळ्यांना सांगते. तू एका खुर्चीवर दुकान उभं केलंस, कोणाच्या मदतीशिवाय, याचा मला अभिमान होता. आहे.

इथपर्यंत लिहून उठले होते. भांडी घासली, कपडे वाळत टाकले, परत आले. पत्र इथेच संपवायचा विचार होता. पण मग ते खोटं पत्र झालं असतं.

मी कार्ड उलटं का ठेवलं ते तुला ठाऊक आहे. की नाही? खरंच नाही?

तुझी नवी शाखा भाचीच्या कॉलेजच्या रस्त्यावर आहे. गेल्या महिन्यात ती घरी आली, दप्तर टाकलं आणि आरशासमोर उभी राहिली. डोळ्यांखालची कातडी बोटाने ताणून बघत होती. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "आई, मावशीच्या नव्या दुकानावर तुझा फोटो आहे. मोठा." मी वेडी, क्षणभर खूश झाले. वाटलं, बहिणीचा फोटो लावलाय ताईने. मग ती म्हणाली, "खाली 'आधी' लिहिलंय. आई, मी पण पुढे तशीच दिसणार का?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बघायला गेले. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. डावीकडे मी, 'आधी'. उजवीकडे एक गोरी गुळगुळीत बाई, 'नंतर'. कोण आहे ती? माझं नाकसुद्धा बदललंस तू, ताई! माझ्या शेजारी एक बाई बससाठी थांबली होती. ती पाटीकडे बघत मला म्हणाली, "केवढा फरक पडलाय ना?" तिने मला ओळखलं नाही. मी "हो" म्हटलं आणि घरी आले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण मी तुला फोन केला नाही, कारण मला भीती होती की तू म्हणशील, अगं त्यात काय, एक फोटोच तर आहे.

तो फोटो कुठला, हे तुला आठवतं? हॉस्पिटलच्या व्हरांड्यातला. बाबांचा शेवटचा आठवडा. तू दुपारी डबा घेऊन आलीस, माझ्याकडे बघून म्हणालीस, "अवस्था बघ स्वतःची," आणि फोनवर फोटो काढून मलाच दाखवलास. आपण दोघी हसलो होतो. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. तू काळजीनेच काढला होतास, हे आजही मला माहीत आहे. तू औषधपाण्याचं बघत होतीस, मी उशाशी बसत होते. तुझं दुकान नवं होतं, ते बंद ठेवता येत नव्हतं. आपण दोघींनी आपापलं केलं, त्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही.

पण फोटो नीट बघ. माझ्या खांद्यावर काय आहे? तपकिरी, कडेला उसवलेलं. बाबांची शाल आहे ती. सकाळी व्हरांड्यात गारवा होता, तर त्यांनी स्वतःच्या अंगावरची काढून नर्सच्या हाती बाहेर पाठवली. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांनी खुणेने सांगितलं, तिला द्या. फोटोची बाजू तू कापलीस, मागचं वॉर्डचं दार कापलंस, आणि शाल राहिली. एवढी मोठी करून रस्त्यावर लावलीस आणि ओळखली नाहीस?

त्याच दिवशी संध्याकाळी बाबा गेले. म्हणजे त्यांनी शेवटचा पाहिला तो हाच चेहरा. काळी वर्तुळं, विस्कटलेले केस, सगळं तसंच. ते माझ्याकडे बघत होते, ताई, आणि त्यांना त्यात काहीही सुधारायचं नव्हतं.

आता उद्घाटनाचं. भाचीला खुर्चीत बसवून सगळ्यांसमोर तिचं रूप पालटून दाखवणार, असं कार्डावर छापलंयस. मला न विचारता. ती बसणार नाही. मी तिला पाटीची आणि शालीची सगळी हकिकत सांगितली, निर्णय तिच्यावर सोडला, आणि ती म्हणाली, "मावशीला सांग, मी पेढे वाटायला उभी राहीन, खुर्चीत नाही." तिचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. गच्ची बंद होणार नाही. केस मीच कापणार. आणि परवडत नाही हे वाक्य पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलं, तर मी मशीन टेम्पोत घालून तुझ्या दारात आणून दाखवीन.

उद्घाटनाला मी येणार आहे. बोलावलंस म्हणून नाही, तू दुसरी शाखा काढलीस म्हणून. पाहुणे यायच्या आत येईन. तोवर पाटी उतरव. उतरवली नसशील तर शिडी मागवून मीच चढेन, मग फीत कापायला आलेल्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तू ठरव.

फक्त एक कर. फोटो फाडू नकोस, चुरगाळू नकोस. उजवीकडची बाई तुला ठेव. डावीकडचा भाग नीट कापून, गुंडाळून माझ्यासाठी बाजूला ठेव. खालचं 'आधी' मी घरी कापून टाकीन. मशीनसमोरची भिंत रिकामी आहे, तिथे तो लावायचाय. लेकीने रोज बघावा म्हणून. पुढे ती तशी दिसली, तर मला चालेल.

बाबांच्या उशाशी बसलेली,
तुझी धाकटी