रक्तात दोष म्हणे

१० ऑक्टो. ८९
उद्या ती नवी तपासणी. घशातून नळी घालून हृदयाची झडप बघणार. सुधाकर म्हणतो, "ताई, मी आहे ना तिथं, घाबरतेस काय!" पाठचा भाऊ त्याच दवाखान्यात मदतनीस, मग भीती कसली. तरी देवापुढं दिवा लावून आले.

१४ ऑक्टो.
काल घरी आणलं. आठवतं तेवढं: घसा बधिर करायचा फवारा सुधाकरनेच मारला. कडूजहर. उबळ आली. "अजून थोडा घे, त्रास नको तुला." पुन्हा. पुन्हा. पंगतीत जिलबी वाढावी तसा आग्रह. मग श्वास पुरेना... हे म्हणतात, ओठ, बोटं निळी पडली, रक्त काढलं तर चॉकलेटी. ऑक्सिजन लावूनही रंग हटेना. शेवटी कसलंसं निळं इंजेक्शन दिलं, त्यानं वाचले. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी! हसू की रडू.

१९ ऑक्टो.
सुधाकर सांगत सुटलाय, "ताईच्या रक्तातच दोष निघाला." पंचवटीत मावशीकडे पोचलं, तिथून सायखेड्याला, आमच्या सुनंदाचं लग्न ठरलंय त्या घरी. मुलाचे वडील येऊन गेले. "आईच्या रक्तात हाय, मंग पोरीच्या नसंल कशावरून?" लेक आतून ऐकत होती. जेवली नाही.

२४ ऑक्टो.
डॉक्टरांना विचारलं. "दोष? कोण म्हणालं? तुमचं रक्त चांगलं आहे. फवारा जास्त झाला की क्वचित होतं असं. मी तर दोनदाच मारायला सांगितला होता." बाहेर सुधाकर उभा. माझ्याकडे बघेना.

२५ ऑक्टो.
सुधाकर आला. "मायेपोटीच मारला गं, ताई." पटलं. फवाऱ्याचा राग नाहीच मला. "मग दोष माझ्या रक्ताला का लावलास?" तर म्हणे, "नोकरी गेली असती. वाटलं, तू समजून घेशील." समजून घेशील! केसानं गळा कापला, तोही माझ्याच भावानं. हे म्हणतात, झाकली मूठ राहू दे. आणि सुनंदा?

२८ ऑक्टो.
उद्या सायखेड्याचे येणार, हो की नाही सांगायला. सुधाकरला निरोप धाडला: मामा म्हणून ये, तुझ्या तोंडानं सांग. नाहीतर मी सांगते, मग नोकरी राहो न राहो. संध्याकाळी त्याची बायको आली, दारातच रडली, "ताई, पोरं लहान आहेत हो." तिला चहा दिला. शब्द दिला नाही.
सुनंदा सारखी विचारते, "मामा येईल ना?"
येईल, असं मला अजून वाटतं. त्याचाच जास्त संताप होतो.