योना अजून माशाच्या पोटातच

रांझी, जबलपूर
१४ डिसेंबर १९७१

प्रिय विभावरीआत्यास तुझ्या शशिकांतचा मनापासून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस की नुसती बाटलीकडे बघून समाधान मानतेस? इथं थंडी कडाक्याची आहे, खिडक्यांना काळे कागद लावले आहेत आणि दारूगोळ्याचा कारखाना रविवारीही चालू आहे. बाकी मी मजेत आहे. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. वस्तुस्थिती अशी की चर्चच्या मंडळीनं मला संडे स्कूलचा मास्तर केलं आहे.)

तू नागपुरात जन्मभर संडे स्कूल घेतलंस, पण तुझ्याकडे वयाप्रमाणे वर्ग होते. इथं लढाईच्या तयारीमुळे दोन महिने आईबाप दोघंही रविवारी ड्युटीवर, त्यामुळे दुधाच्या दातांपासून मिसरूड फुटलेल्यांपर्यंत सगळी पोरं देवाच्या नावानं माझ्या गळ्यात. सर्वांत मोठी ज्योती, पंधरा वर्षांची. तिला पवित्र शास्त्र माझ्यापेक्षा जास्त येतं आणि ते ती लपवत नाही. सर्वांत लहान विनय, तीन वर्षांचा. त्याचा बाप गुणवंत फौजेत ट्रक चालवतो, सध्या आघाडीवर आहे, आणि नोव्हेंबर सरता सरता त्याची पत्रं यायची थांबली. विनयची आई कुंदा कारखान्यात पेट्या बांधायच्या कामावर नुकतीच लागली आहे. रविवारची पाळी चुकवली तर नोकरी जाईल, आणि घरी पोराला बघणारं कोणी नाही. म्हणजे विनयनं वर्गात बसणं आलंच. पण आमचे पंच बापूसाहेब यांचं म्हणणं असं की पाचाखालच्यांना बंदी करावी, कारण शेजारच्या उपासनेत उपदेशापेक्षा आमचाच आवाज मोठा असतो. (तो खरोखर असतो.)

आधी मी दहा आज्ञा शिकवायला घेतल्या. मोठे जांभया देत होते, मधले मारामारी करत होते, आणि लहानांनी नेमकी सातवी आज्ञा पाठ केली. विनय आईच्या कडेवर बसून रांझीच्या भर बाजारात 'व्यभिचार करू नको' असं भाजीवाल्यांना बजावत गेला. कुंदा दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही पोराले काय शिकवून राहिले?" मी आज्ञा गुंडाळल्या.

मग युक्ती सुचली. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की बाकाखाली पालथं पडायचं, कानांत बोटं घालायची आणि दातांत रुमाल धरायचा, हे सगळ्या पोरांना सरकारनंच शिकवून ठेवलं आहे. आत्या, दातांत रुमाल असला की माणूस बोलू शकत नाही, हे तुझ्या संडे स्कूलला कधी सुचलं का? मी गलबला वाढला की शिट्टी फुंकू लागलो. पोरं बाकाखाली, वर्ग चिडीचूप. (बोटं कानांत सैल ठेवायची परवानगी मी दिली, नाहीतर मला कोण ऐकणार?) तिथल्या अंधारात, माशानं गिळलेल्या योनाची गोष्ट आपोआपच आली. बाकाखालची जागा म्हणजे माशाचं पोट. ज्योतीला मी माशाचं तोंड केलं, म्हणजे ती दाराशी बसते आणि कोणाला बाहेर सोडत नाही. तेव्हापासून तिनं माझ्या चुका काढणं थांबवलं. एकानं रुमाल काढून विचारलं, "मास्टरजी, मछली के पेट में ब्लॅकआउट था क्या?" मी हो म्हटलं, आणि फसलो. आता पोरं योनाला बाहेरच येऊ देत नाहीत. शास्त्रात तो तीन दिवस आत होता, मग माशानं त्याला किनाऱ्यावर ओकलं; माझ्याकडे त्याचा चौथा रविवार चालू आहे. आत त्यानं चूल मांडली, मफलर विणला, एका खेकड्याशी भांडणही केलं.

परवा रविवारी बापूसाहेब निकाल द्यायलाच आले. मी पोरांना स्तोत्र म्हणायला उभं केलं, आणि तेवढ्यात भोंगा झाला. माझी शिट्टी नव्हे, खरा. सराव की विमानं, कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरं क्षणात बाकाखाली गेली. बापूसाहेब काठी घेऊन मधोमध उभे, तर विनयनं त्यांचा कोट ओढून त्यांना खाली बसवलं आणि स्वतःचा ओला रुमाल त्यांच्या तोंडात कोंबला. (बापूसाहेबांना दात चारच आहेत, पण त्यांनी तो धरला.) मला भीती वाटत होती, म्हणून मी गोष्ट पुढं सुरू केली. तेव्हा विनय म्हणाला, "बाबा भी माशात आहेत?"

बापूसाहेबांनी रुमाल काढला आणि म्हणाले, "हाव बेटा. पण देवानं माशाले सांगून ठेवलं आहे, चावायचं नाही." मग रुमाल पुन्हा तोंडात घातला. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर ते गुडघे झटकून उठले आणि बंदीचा विषय न काढताच गेले. कुंदाची पाळी वाचली. तरीही माझ्यानं हे काम होणार नाही. तू पंचांना चार ओळी लिहून मला यातून सोडव, एवढ्यासाठीच हे लांबण लावलं. तुझ्या गुडघ्यांना माझा वेगळा सलाम.

तुझा
शशिकांत

ता.क. पंचांना काही लिहू नकोस. लिहिलं असशील तर टाकू नकोस.

ता.क. दुसरा. खरं काम हे आहे. माशाच्या पोटात माणूस आणखी काय काय करू शकतो, ते उलटटपाली कळव. माझं सगळं संपलं आणि रविवार जवळ आला. गुणवंतचं पत्र आलं की त्याच रविवारी योनाला किनाऱ्यावर उतरवतो, तोवर त्याला आत सुखात ठेवायचं आहे. आणि पत्र आलंच नाही, तर विनयला पुढची गोष्ट कशी सांगायची, ते मला येत नाही. तेही लिही.