थांबत नाही म्हणून घेतलेलं इंजिन

तीर्थरूप उदयसिंहमामांना ऋषिराजचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा, तुमची शुगर आणि दहिवडीचा टँकर हे तिन्ही सध्या ताळ्यावर असतील अशी आशा करतो. माण तालुक्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला लाँचचं इंजिन कुठलं घ्यावं हे विचारायची खरं तर मला लाज वाटायला हवी. पण तुम्ही फौजेत वीस वर्षं इंजिनं उघडलीत, आणि आमच्याकडे कोयनेच्या फुगवट्याचं पाणी रग्गड असून इंजिनातलं कळणारा एकही नाही. श्रावणात संयोगिताचे दिवस भरतात आणि डॉक्टर पाण्याच्या पलीकडे आहे. (पहिलटकरीण माहेरी जाते म्हणाल, तर तिचं माहेर आमच्याच काठाला, दोन घरं सोडून.)

आताचं इंजिन गावाने कसं निवडलं ते ऐका. इस्लामपूरकडच्या एका गुऱ्हाळात विकाऊ आहे असं कळलं, तेव्हा गुंडातात्यांना घेऊन गेलो. तात्यांनी पन्नास वर्षं बैल पारखले, म्हणजे इंजिनही पारखतील असं आम्ही धरून चाललो. आम्ही पोचलो तेव्हा ते चालूच होतं. तात्या दिवसभर शेजारी पान खात बसले, मधूनमधून त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि संध्याकाळी म्हणाले, “येकदा बी थांबलं न्हाई बगा. असलं इमानी जनावर मिळायचं न्हाई.” मालकाने कसलीच फसवणूक केली नाही. इंजिन खरोखर थांबत नव्हतं. चालू कसं होतं हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

गुऱ्हाळात ते पहाटे एकदा चालू करतात, तेही तीन माणसांनी हँडल मारून, हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरून. लाँच तर दर वाडीला थांबते! मग आम्ही ते दिवसभर बंदच करायचं नाही असं ठरवलं. माणसं, शेळ्या, सिलिंडर सगळं चालत्या इंजिनावर चढायचं. (आवाजामुळे बोलता येत नाही अशी पर्यटकांची तक्रार असे. जुन्या लग्नाची जोडपी मात्र खूश असत.) दोन वर्षं निभलं.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावातल्या अर्जुनाच्या आईच्या, शालूबाईंच्या छातीत कळ आली. काठावर चौघांनी मिळून इंजिन चालू करून दिलं आणि आम्ही तिघं निघालो. मधोमध डिझेलच्या नळीत हवा शिरली आणि ते इमानी जनावर थांबलं. हवा काढली, पण माझ्या एकट्याने हँडल फिरेना. म्हातारीचं डोकं अर्जुनाच्या मांडीवर, त्यामुळे तो उठेना. शेवटी तीच म्हणाली, “आर्जुना, ऊठ रं, हँडल मार. माजं डोस्कं फळीवर ऱ्हाऊ दे.” तो उठला. किती वेळ फिरवत होतो सांगता येत नाही. इंजिन धडधडलं तेव्हा मी आनंदाने ओरडलो. आनंदाने, मामा. तोवर म्हातारी गेली होती.

तात्या म्हणतात, वेळ आली होती. मला कोणी बोल लावत नाही, त्याचाच त्रास होतो. अर्जुना अजून माझ्याच लाँचने जातो, पण इंजिनाकडे पाठ करून बसतो.

आता दोन इंजिनं समोर आहेत. एक बटणावर चालू होणारं नवं, पण पावसात बॅटरी भिजली तर काय? दुसरं जुन्या जीपचं, त्याचे भाग साताऱ्यात कुठेही मिळतात. कुठलं घेऊ ते कळवा. मामींना नमस्कार.

आपला,
ऋषिराज

ता. क. खरं सांगतो मामा, कुठलंही सांगितलंत तरी माझा आता कशावर विश्वास बसणार नाही. संयोगिताला बाळंतपणापर्यंत तुमच्याकडे ठेवून घ्या. दहिवडीत पाणी नसलं तरी दवाखान्यापर्यंत रस्ता आहे. तुम्हीच बोलावलंत असं लिहा, माझं नाव काढू नका.

ता. क. २. मामांना संयोगिताचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. राग मानू नका, पण मी येणार नाही. शेजारच्या सोनमचे दिवस माझ्यानंतर महिन्याने भरतात आणि तिला दहिवडीला मामा नाहीत. ज्या लाँचमधून ती जाईल तिच्यातूनच मी जाईन. इंजिन मात्र असं सुचवा, की वेळ पडली तर मला एकटीला चालू करता आलं पाहिजे.