दारात काढलेली जर्सी

ग्रिम्सबी,
ईस्टरच्या आधीचा मंगळवार

प्रिय ग्लेंडा मावशी,

तुला माझा, आईचा आणि बाबांचा (ते आत्ता आंघोळीला गेलेत, पण त्यांचा धरूनच चाल) मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? स्पेनच्या उन्हाने तो खरंच बरा झालाय की नुसता तपकिरी झालाय, हे आईने मुद्दाम विचारायला सांगितलंय. शेजारच्या बाल्कनीतले ते निवृत्त दंतवैद्य अजून दुपारी अकॉर्डियन वाजवतात का? आणि तू अजून त्यांच्यावर चिडतेस, की आता वाट बघतेस? (हा प्रश्न माझा नाही, हाही आईचाच.) आम्ही सगळे ठीक आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. त्याचं कारण शेवटी येईल. तोपर्यंत खुर्चीवर नीट बस, पाय वर घे, आणि चहा आधीच करून ठेव.

तुझं घर उत्तम आहे. हे आधी सांगते, कारण पुढे वाचताना तुला मधूनमधून ते आठवावं लागेल. तू जाताना किल्ल्या आईच्या हातात दिल्यास आणि म्हणालीस की खिडक्या उघडत जा, आणि गिऱ्हाईक आलं की घर दाखव. आईने त्याच पावली किल्ल्या माझ्या हातात दिल्या, कारण मी तेव्हा बेकार होते. म्हणजे, माझ्या मते मी बेकार नव्हते, मी तत्त्वासाठी नोकरी सोडली होती. त्या फोनवरच्या नोकरीत चिडलेल्या लोकांना 'तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे' असं सांगायचं होतं, आणि तो मोलाचा नव्हता हे मला दिसत होतं. बाबा म्हणाले, "प्रोफेसर, तत्त्वज्ञान शिकायला लिंकनला पाठवलं ते ठीक, पण ते घरी घेऊन यायचं नव्हतं." तरी माझा पदवीचा फोटो अजून टीव्हीच्या वरच आहे, हेही लिहून ठेवते. आमच्या घरातली ती एकमेव चौकोनी टोपी आहे.

तर मी मेणाच्या वड्यांचं ऑनलाइन दुकान काढलं. तू फोनवर विचारलं होतंस की वात नसलेली मेणबत्ती कोण विकत घेतं, तर मावशी, सगळेच घेतात. ह्या गल्लीत एकही घर नसेल जिथे खिडकीत ती चिनी मातीची छोटी शेगडी नाही. वरच्या वाटीत वडी टाकायची, खाली दिवा लावायचा, मेण वितळतं आणि खोलीभर वास पसरतो. मला वाटलं, ह्या धंद्यात काहीतरी खरं करून दाखवावं. माझ्या वड्यांचे वास म्हणजे 'जुनं वाचनालय', 'पावसानंतरची दलदल' आणि 'शांतता'. (शांततेला वास जवळजवळ नव्हताच. तोच मुद्दा होता.) वेष्टणावर कायद्याने धोक्याच्या सूचना छापाव्या लागतात, त्यांच्याखाली मी माझ्याही छापल्या: 'हा लॅव्हेंडर आहे. ह्याने झोप येईलच असं नाही. झोप न येण्याचं कारण बहुधा वेगळं असेल.' आई ते वाचून म्हणाली, "अगं, वडीवर कबुलीजबाब छापून कोण विकत घेईल?" कोणीही घेतलं नाही.

लोकांना काय हवं होतं, ते आईला आधीपासून माहीत होतं. त्यांना ताज्या धुतलेल्या कपड्यांचा वास हवा होता. सगळ्या ग्रिम्सबीला आपलं घर धुण्यासारखं दरवळायला हवंय. मी नाही म्हटलं. न धुता धुतल्याचा वास पसरवणं ही फसवणूक आहे, असं मी जेवणाच्या टेबलावर बरंच सविस्तर सांगितलं. आईने मटार वाढता वाढता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझा बाप मासे धुरावर धरतो. त्याचे कपडे दोनदा धुतले तरी धुतल्याचा वास येत नाही. मग तो विकतच आणायला नको का?" मी धुतलेल्या कपड्यांच्या वड्या केल्या.

त्या केल्या तुझ्या मागच्या स्वयंपाकघरात. (आमच्या स्वयंपाकघरातून आईने मला हाकललं होतं, कारण रविवारच्या भाजलेल्या मटणाला 'जुनं वाचनालय' लागलं होतं.) तुझ्या एकाही भांड्याला हात लावलेला नाही. एका भांड्याला लावला, पण ते तुला आवडत नव्हतं. वड्या ओतून झाल्या की त्या दोन आठवडे थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी मुरू द्याव्या लागतात, तेव्हा कुठे मेण वास धरून ठेवतं. आणि थंड, अंधारी, कोरडी जागा तुझ्या अंगणातच होती. स्टॅन काकांची मासे धुरावर धरायची शेड.

मावशी, मला ठाऊक आहे, काका गेल्यापासून तू तिथे जात नाहीस. मी नुसती कडी काढली. आत सगळं जसंच्या तसं आहे. मासे टांगायच्या सळया, भुश्शाचं पिंप, आणि तीस वर्षांच्या धुराने डांबरासारख्या काळ्या, चकचकीत झालेल्या भिंती. मी सळयांवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर वड्या मांडल्या, आणि फार शास्त्रशुद्ध काम केल्याच्या समाधानात दार लावून घेतलं. मेण वास धरतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कोणाचा वास धरायचा हे ते विचारत नाही, एवढं मात्र त्यात लिहिलेलं नव्हतं.

विकण्यापूर्वी मी वड्यांची चाचणी घेतली नाही असं नाही. मी आईला हुंगायला दिली. आई म्हणाली, "वा, अगदी आपलं धुणं." बाबांना दिली. ते म्हणाले, "कसला वास? काही येत नाही." (बाबांना १९९८ पासून कसलाच वास येत नाही, पण विचारलं नाही तर वाईट वाटतं.) समोरच्या मिसेस बर्कीटना दिली, त्या म्हणाल्या की त्यांची आई दोरीवर वाळत घालायची त्या चादरी आठवल्या. मी स्वतःही हुंगली, आणि मला घर आठवलं. ह्याहून जास्त पुरावा माणसाने काय गोळा करायचा? आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही की आम्ही सगळे ग्रिम्सबीचे, मासळी-बंदराचे आहोत, आणि आमच्याकडच्या धुण्याला हॅडक माशाचा वास असतो.

नाताळात ऑर्डरी देशभर गेल्या. पहिलं पत्र आलं चेल्टनहॅमहून, त्यात लिहिलं होतं की वडी सुंदर आहे, पण मांजर शेगडीसमोर बसलंय आणि उठत नाही. दुसरीकडे शेजारची मांजरंही आली. बाथहून एका बाईंनी फोटो पाठवला. त्यात खिडकीच्या बाहेर चार आणि आत दोन मांजरं होती, आणि खाली लिहिलं होतं, 'आम्ही मांजर पाळलेलं नाही.' एका गृहस्थांनी लिहिलं की धुण्याचा वास आहे खरा, पण कोणीतरी वॉशिंग मशीनमध्ये मासा धुतल्यासारखा.

मी लगेच प्रत्येक गिऱ्हाइकाला हाताने पत्र लिहिलं. झालं ते सगळं खरं सांगितलं, शेडचं, सळयांचं, भिंतींचं, स्टॅन काकांचं. काका कोण, कसे होते, दर शुक्रवारी गल्लीत कोणाकोणाला कागदात गुंडाळून मासे द्यायचे, हेही लिहिलं, कारण त्याशिवाय वास समजत नाही. आणि तू त्यांना ती माशांच्या वासाची लोकरी जर्सी मागच्या दारातच काढायला लावायचीस, जानेवारीतसुद्धा, आणि ते बनियनवर कुडकुडत ओरडायचे, "ग्लेंडा, दार उघड, नाहीतर मी पण खारा मासा होईन!", हेही लिहिलं. (तुला राग आला असेल तर माफ कर. तू आतून काय ओरडायचीस ते लिहिलेलं नाही.) शेवटी लिहिलं की वड्या परत पाठवा.

एकही वडी परत आली नाही. मिल्टन कीन्सहून मिसेस ऑड्री थॅकर नावाच्या आजींचं उत्तर आलं. त्यांचे वडील इथल्या, ग्रिम्सबीच्या गोदीवर कामाला होते. लिहिलं होतं, 'पोरी, मी लग्न होऊन इथे आले त्याला पन्नास वर्षं झाली. इथे समुद्रही नाही आणि कोणाच्या कोटाला वासही नाही. काल वडी लावली आणि मी उठून दार उघडायला गेले. बाबा आले असं वाटलं. मग स्वतःलाच हसले, आणि मग बसून राहिले. आणखी आहेत का?' मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. आई उठून ओटा पुसायला लागली, आणि तो आधीच पुसलेला होता.

त्या आजींनी आपल्या बहिणीला सांगितलं, बहिणीने कॅनडातल्या भावाला. आता ऑर्डरी येतात त्या ह्याच वडीच्या, आणि लोक मुद्दाम लिहितात की शेडमध्ये मुरलेली हवी. धुण्याचा वास मी काढून टाकला. नुसता ओकचा धूर, मीठ आणि थोडी लोकर, बाकीचं काम शेड करते. वडीचं नाव आहे 'दारात काढलेली जर्सी'. वेष्टणावर सूचना एकच उरली आहे: 'मांजरांपासून दूर ठेवा. जमलं तर.'

आता घराच्या विक्रीबद्दल, कारण तू ते विचारणारच. घरांचा दलाल डेमियन (टोकदार बूट, सौम्य मुलगा) पहिल्याच दिवशी म्हणाला की लोक घर नाकाने विकत घेतात, घर दाखवताना ताज्या भाजलेल्या पावाचा वास हवा, आणि मी तर वासवालीच आहे. मी पावाची वडी केली, पण सोबत ओट्यावर एक चिठ्ठीही ठेवली: 'हा वास पावाचा नसून मेणाचा आहे. ह्या घरात बऱ्याच दिवसांत पाव भाजलेला नाही.' डेमियनने चिठ्ठी खिशात घातली. मी दुसरी ठेवली. त्याने तीही घातली. "हेदर," तो म्हणाला, "तू माझं कमिशन खाते आहेस." एवढ्यात एक जोडपं आलं. पहिल्या खोलीत दोघांनी पावाचा वास घेत डोळे मिटले. दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत मेण नीट तापलं होतं आणि पावाखालून हॅडक वर आला. (ती वडीही तिथेच मुरली होती, दुसरी जागा कुठे आहे?) बाई नवऱ्याकडे बघायला लागली, नवरा डेमियनकडे. मग नवऱ्याने मला विचारलं, "इथे जवळपास फिश अँड चिप्स कुठे चांगले मिळतात?" मी चांगलंच दुकान सांगितलं. ते गेले ते परत आलेच नाहीत.

दुसरे आले ते मिस्टर प्रोक्टर. ह्यांना घर पसंत आहे, वास चालतो, किंमतही मान्य आहे. मी त्यांना छताचं गळणं, जिन्याचा आवाज, समोरच्या मिसेस बर्कीटची पहाटेची शिट्टी, सगळं सांगितलं, कारण खरेदीदाराला सत्य कळलं पाहिजे असं मी मानते, त्यात माझा काही स्वार्थ नव्हता. ते हसून म्हणाले, "असा प्रामाणिक माणूस पहिल्यांदा भेटला," आणि त्यांचा विश्वास उलट वाढला. त्यांची एकच अट आहे. शेड पाडून द्यायची. तिथे त्यांना गरम पाण्याचा टब बसवायचाय, बसून बिअर प्यायला. शनिवारी ते पाडणाऱ्या माणसाला घेऊन बघायला येणार आहेत.

तू तुझ्या मनाप्रमाणे ठरव. घर तुझं आहे, शेड तुझी आहे, आणि स्पेनमधला फ्लॅट कायमचा घ्यायला तुला ते विकायचं आहे, हे मला माहीत आहे. मी तुझ्यावर कसलाही दबाव आणणार नाही. शेड गेली तर माझं दुकान बंद होईल, मी पुन्हा कोणाचा तरी फोन मोलाचा असल्याचं सांगत बसेन, आणि मिल्टन कीन्सच्या आजींना मी तसं पत्र लिहीन. पण ह्याचा विचार तू अजिबात करू नकोस. गुडघ्याला जप. उन्हात टोपी घाल.

तुझी भाची,
हेदर

ता. क. शेडला मागच्या गल्लीतून वेगळं दार आहे. डेमियन म्हणतो, घर एकाला विकून शेड वेगळी ठेवता येते, फक्त तुझी सही लागेल. मी त्याला विचारलं नव्हतं. म्हणजे, विचारलं होतं. घर विक, पण शेड ठेव ना, मावशी. मी तुला रीतसर भाडं देईन.

ता. क. दुसरा. शनिवारी मिस्टर प्रोक्टर येण्याआधी बाबा शेडमध्ये हॅडक टांगून धूर करणार आहेत, भरपूर. ह्यात माझा हात नाही, मी तत्त्वाने अशा गोष्टींच्या विरुद्ध आहे. (लाकूड ओकचंच हवं होतं, म्हणून मी फक्त ते शोधून आणलं.)

ता. क. तिसरा. पत्र ह्यासाठी की फोनमधून वास पाठवता येत नाही. पाकिटात एक वडी आहे. दंतवैद्यांचं अकॉर्डियन थांबलं की बाल्कनीचं दार लावून ती तापव, जवळ बस, आणि मगच काय ते ठरव. मी म्हटलं, आई, हे बरोबर नाही, ही तर मावशीची कमकुवत जागा पकडणं झालं. आई म्हणाली, "गप बस आणि तिकीट लाव. ग्लेंडा उठून दार उघडायला गेली, की शेड आपली."