वरचा रिकामा कप्पा

दि. ३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अ. उ. आ. वि. वि. तुझ्या कारखान्यातले कपाट मंगळवारी सुखरूप पोहोचले. दोघा हमालांनी ते बैठकीच्या खोलीत उभे केले, तेव्हा तुझी काकू क्षणभर निःशब्द झाली. आमच्या संसारात हा योग विरळा. साध्या प्लायवुडला अक्रोडी छटा, नाजूक पितळी मुठी, वायरींचा गुंता पोटात घेणारी मागची खाच, आणि किंमत एखाद्या कारकुनालाही पेलेल अशी! लहानपणी घरभर भुसा पाडतेस म्हणून मी तुला रागे भरत असे. ते शब्द आज मी सन्मानपूर्वक मागे घेतो.

माझ्या मुलाने धाडलेला होम थिएटरचा सगळा संच आत यथास्थित बसला. प्लेयर खाली, अॅम्प्लिफायर मधे, स्पीकर दोन्ही अंगांना. एक गोष्ट मात्र तुझ्या नजरेतून सुटली असावी. अॅम्प्लिफायरच्या वर तू वीतभर जागा रिकामीच सोडलीस. असो, मी ती वाया जाऊ दिलेली नाही.

आता थोडे कडू. प्रवचन लावले की वीस-पंचवीस मिनिटांत आवाज आपोआप बंद पडतो आणि तासाभराने परत येतो. काकू म्हणते, यंत्राला तुमच्यापेक्षा अधिक पोच आहे, ते निदान थांबते तरी. तिची थट्टा होते, पण मला घोर लागला आहे. येत्या रविवारी आमच्या श्रवणमंडळात वाचनालयाचे ग्रंथपाल येणार आहेत, ते मुख्यतः हे कपाट पाहायला. त्यांना अशी सहा हवी आहेत. तुझी ही पहिली मोठी मागणी माझ्याच घरी अडखळू नये. उलट टपाली उपाय कळव.

ईश्वर तुझ्या हाताला यश देवो.

तुझा
काका


दि. ६ फेब्रुवारी

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचलं आणि हातातला रंधा खालीच ठेवला. काका, अॅम्प्लिफायर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतो. म्हणजे त्याला हवा मिळत नाही. म्हणजे चूक माझी. किंमत आवाक्यात ठेवायच्या नादात मागच्या फळीला भोकं कमी पाडली असणार. वरची वीतभर जागा मी हवा खेळावी म्हणून मुद्दाम सोडली होती, तीही कमी पडली म्हणायची. तुम्ही तिथे एखादी फुलदाणी ठेवली असेल, तर तेवढ्याने काही बिघडत नाही.

तुम्हीच शिकवलंत, आपल्या वस्तूतला दोष आपण आधी सांगावा. म्हणून आजच ग्रंथपालांना लिहून टाकलं की कपाटात खोट आहे, तुम्ही दुसरीकडे बघा. पाकीट दोनदा उघडून पुन्हा चिकटवलं, खोटं कशाला बोलू? ही सहा कपाटं हातची गेली, तर महिनाअखेर कारखाना बंद करून पुन्हा त्या मोठ्या दुकानात दुसऱ्यांनी बनवलेलं फर्निचर विकायला उभं राहायचं, असं आमचं ठरलं आहे. तुमचे जावई म्हणतात, घाई करतेस. ते शाळेत भूगोल शिकवतात, त्यांना सगळंच सावकाश घडतं असं वाटतं.

पुतणी म्हणून मला सांभाळून घेऊ नका. यंत्रावर एकदा हात ठेवून बघा आणि काय ते खरं कळवा. काकूंना नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या, कपाट कसंही निघालं तरी.

तुमची
चिमणी


दि. १० फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अ. उ. आ. वि. वि. तुझे पत्र शनिवारी मिळाले. सांगितल्याप्रमाणे हात ठेवला आणि तव्यावरून काढावा तसा काढला.

बाळ, ती फुलदाणी नव्हती. ते माझे अकरा ग्रंथ होते, प्रत्येक जाड सुती कापडात बांधलेला. यंत्रालाही मी तसेच कापड गुंडाळले होते. जे मोलाचे, त्याला धूळ लागू द्यायची नाही, ही माझी जन्माची सवय.

चाळीस वर्षे मी प्रवचनांतून लोकांना समजावत आलो की पंचमहाभूतांत आकाश सर्वांत सूक्ष्म, शब्द हा त्याचा गुण, आणि पोकळीवाचून नादाला ठाव नाही. माझ्या पुतणीने मला वीतभर आकाश घरपोच दिले, आणि मी ते त्याच विषयावरील ग्रंथांनी बुजवले!

रविवारी ग्रंथपाल तुझे पत्र खिशात घेऊनच आले, चेहरा सांत्वनाला आल्यासारखा. ग्रंथ मी आदल्याच दिवशी हलवले होते. गप्प बसतो तर माझी अब्रू झाकली गेली असती. पण खोट तुझ्या नावावर राहिली असती. म्हणून आठही श्रोत्यांसमोर ग्रंथ पुन्हा कप्प्यात रचले, कापड गुंडाळले आणि प्रवचन लावले. एकविसाव्या मिनिटाला आवाज बंद पडला. मग सारे काढले आणि थंड झाल्यावर पुन्हा लावले. दोन तास खंड नाही. काकूचे मत असे की, कपाटात दोष निर्माण झाला तो आत्ता.

ग्रंथपाल हसत हसत गेले, पण होय-नाही काहीच बोलले नाहीत. तू कारखान्याला कुलूप लावण्याची घाई करू नकोस. या वृद्धाचे अज्ञान पोटात घाल.

तुझा अपराधी
काका


दि. १५ फेब्रुवारी

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि. ग्रंथपालांचं पत्र आलं. सहाच्या सहा कपाटं सांगितली आहेत! ते लिहितात, स्वतःची खोट सांगणारी सुतारीण आणि स्वतःची चूक भरसभेत करून दाखवणारा तिचा काका, आणखी काय तपासायचं? तुमचे जावई तेव्हापासून घरभर मिरवत आहेत.

ग्रंथपालांची एकच अट आहे. प्रत्येक कपाटाच्या वरच्या कप्प्यात तुमच्या वळणदार अक्षरात पाटी हवी: ‘येथे काहीही ठेवू नये. ग्रंथ तर मुळीच नाही.’

सातवं कपाट मी माझ्या मनानं करते आहे, तुमच्या अकरा ग्रंथांसाठी. मापं घ्यायला स्वतः येते. त्यात बोटभरसुद्धा आकाश सोडणार नाही.

काकूंना नमस्कार. रागे भरायचा हक्क तुमच्याकडेच राहू द्या. भुसा अजून घरभर पडतोच.

तुमची
चिमणी