शिष्टरबाईला मुराळी

५ जून, गुरुवार

शिष्टर, आधी चष्मा कपाळावरून खाली घे, मग वाच. तिथंच आहे, शोधत बसू नको. सगळ्या गावाच्या गोळ्यांच्या वेळा तुझ्या ध्यानात, आणि स्वतःचा चष्मा कुठं ते चाळीस वर्षांत एकदा नाही. जाताना छत्रीपण माझ्या पडवीत विसरलीस. ठेवलीय. देणार नाही.

ही वही तूच दिलीस. म्हणालीस, "आक्का, रोज काय झालं ते लिहून ठेवा, मी आले की वाचीन." कधी येणार ते बोलली नाहीस. बदलीचा कागद आला, ट्रंक उचलली, सांगलीला कॉन्व्हेंटातल्या म्हाताऱ्या शिष्टरांच्या घरी गेलीस. आणि लिहून ठेवा कुणाला सांगतेस? मला अक्षर शिकवता शिकवता हरलीस तूच ना? रेशनचा फॉर्म असो, पेन्शनचा असो, माझा डावा अंगठा आणि शेजारी साक्षीदार म्हणून तुझी सही. आता सही सांगलीत, अंगठा इथं.

तर तुझ्या जागी आलेली शिष्टर जसिंता लिहितेय. वसईची. मी 'हाय' म्हणते, ही 'आहे' लिहिते. लिहू दे. पोरगी बरी आहे. फक्त चहात साखर घालायला घाबरते.

९ जून, सोमवार

दवाखान्यात तमाशा. शेजारचा तात्या म्हणतो, नव्या शिष्टरच्या हातची गोळी लागू पडत नाही. आणि गोळी गालात धरून निघाला. जसिंता दारात आडवी.

"तोंड उघडा. जीभ वर करा."

तात्यानं गिळली ती गोळी. मला म्हणतो, "आक्का, ही बी तसलीच निघाली."

तुझंच वळण आहे हे, मी ओळखलं. सांगून गेलीस वाटतं, तात्या गालात धरतो म्हणून.

१४ जून, शनिवार

जसिंताच्या बोटात अंगठी नाही. तुझ्या बोटात आहे. इतकी वर्षं बघितली, विचारलं नाही, मला वाटायचं आईची असेल. आज विचारलं.

म्हणाली, शेवटचं व्रत घेतलं की मिळते. आम्ही ख्रिस्ताच्या वधू ना, आक्का. हिचं व्रत डिसेंबरात.

"म्हंजी तुजा साखरपुडा झालाय आन् लगीन ऱ्हायलंय?"

हसली. "तसंच म्हणा."

"आन् शिष्टरबाईचं लगीन झालेलं हाय?"

"कधीच झालंय."

मग मी म्हटलं, वही मीट. भाकरी टाकायला गेले. दोन करपल्या. डोकं दुसरीकडं होतं.

१५ जून, रविवार

काल काय डोक्यात होतं ते सांगते. लग्न झालं म्हणजे सासर आलं. सासर आलं म्हणजे माहेर पाहिजे.

तुझं केरळातलं माहेर आता मिटलं. आई गेल्याची तार आली तेव्हा गावात जुलाबाची साथ होती. शाळेच्या भिंतीला खिळे ठोकून सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्यास. तार वाचलीस, घडी घालून खिशात ठेवलीस, पुढच्या माणसाची शीर शोधायला लागलीस. गेली नाहीस. मी पिठलं-भाकरी घेऊन आले, दुखवट्याच्या घरी पहिला घास शेजारणीनं न्यायचा असतो. शाळेच्या पायरीवर बसून जेवलीस. म्हणजे तुझं घर कुठलं ते त्या दिवशीच ठरलं होतं. आपल्या दोघींच्या ध्यानात आलं नाही, एवढंच.

पंचमीला लेक माहेरी येते. भाऊ न्यायला जातो, मुराळी होऊन. तर तुला मुराळी धाडायचा. झालं.

जसिंता लिहिता लिहिता थांबली. म्हणते, आक्का, आमच्यात असं नसतं. म्हटलं, तुमच्यात नसंल, आमच्यात असतं.

१६ जून, सोमवार

मुलाला सांगितलं. दिनकर म्हणतो, "आई, मी रिटायर हवालदार माणूस. कॉन्व्हेंटात जाऊन मुराळी आलोय म्हणू? गेटवरनंच माघारी लावतील."

"तुजी लेक पायाळू हुती. तिला कुणी सोडवली? तू कुठं हुतास तवा?"

"ड्यूटीवर."

"मग आता बी ड्यूटीवर जा."

 बूट पॉलिशला काढले.

३ जुलै, गुरुवार

रहिमतपूरहून रेल्वेनं सांगली. मी, दिनकर. पिशवीत नारळ, खण, तांदूळ. लेक न्यायची तर आधी सासूला विचारायची रीत आहे. तर मोठ्या मदरना विचारायला.

मदर गोव्याकडच्या. बोलायला गोड, बसायला ताठ. मी हात जोडून म्हटलं, "विहीणबाई, लेकीला पंचमीला न्यावं म्हणते." त्यांनी दिनकरकडं बघितलं. दिनकर पंख्याकडं बघत होता.

"आजी, आमच्यात सासर-माहेर नसतं."

"आवं, मग तिच्या बोटातली अंगठी कुणाची?"

 असं हसू फुटलं की चहा बशीत सांडला. रुमाल काढून डोळे पुसले. म्हणाल्या, एवढी पुस्तकं वाचली, पण हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग नीट बोलल्या. तीन वर्षांतून एकदा घरी जायची सुटी प्रत्येक सिस्टरला असते. तू नऊ वर्षं घेतलेली नाहीस. तुझं घर म्हणून आमचं गाव धरायला त्यांची ना नाही. पण अर्ज तू केला पाहिजेस. "ती मागत नाही हो आजी. तिनं मागितलं तर मी कशाला अडवीन?"

एवढंच ना, म्हटलं. तिथून तुला भेटायला मागच्या घरात आले.

४ जुलै, शुक्रवार

कालचं राहिलं. दमले होते.

तुला विश्रांतीला धाडलंय म्हणे! पदर खोचून नव्वदीच्या शिष्टरला पेज भरवत होतीस. एक चमचा तिला, एक गाणं तिला. ती तोंड मिटून बसली की तू तोंड उघडायचीस, आपोआप तीपण उघडायची. मी दारात उभी राहून किती वेळ बघितलं. तुला लाज वाटली बघितल्यावर. का? मला लय बरं वाटलं. झाड उपटून नेलं तरी जिथं लावलं तिथं सावली धरतंय, असं वाटलं. हे चांगलं बोलले मी, जसिंता, हे नीट अक्षरात लिही.

पण अर्जाचं काढलं तर खाली बघायला लागलीस. "आक्का, पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. धाडतील तिथं जायचं, काही मागायचं नाही. आता ह्या वयात मागू?"

मी म्हटलं फोनवर बोलू. परतीच्या गाडीची वेळ झाली होती.

१० जुलै, गुरुवार

फोन केला. तासभर. तू गुडघ्याचं सांगत राहिलीस. मी अर्जाचं.

"मला अक्षर शिकवाय निघालीस, आन् तुला चार वळी लिवता येईनात?"

हसलीस.  मग पुन्हा गुडघ्यावर आलीस, आणि मधेच म्हणालीस,

"आक्का, आले तर परत निघवणार नाही मला. म्हणून."

११ जुलै, शुक्रवार

आज काही लिहू नको म्हटलं जसिंताला. तरी हीच ओळ लिहिली तिनं.

१३ जुलै, रविवार

विचार केला. तर ऐक. लेकीला आणायचं जसं आम्हाला येतं, तसं घालवायचंपण येतं. माझ्या दोन लेकी आहेत. पंचमी झाली की रडतात, मी पिशवी भरते, त्या एसटीत बसतात, कोरेगावपर्यंत रडतात, पुढं पिशवीतलं खातात. निघवत नाही कुणालाच. निघतात. तुलापण आम्ही घालवू. त्याची काळजी तुला कशाला?

जसिंता नाक ओढत होती. वसईहून निघताना हीपण अशीच निघाली असणार. म्हटलं, तुझ्या व्रताला मी डिसेंबरात येणार, पुढच्या बाकावर बसणार, आणि तुझ्या आईला विहीण म्हणणार. आता खुशाल हसली. वेडी.

१९ जुलै, शनिवार

सापडलं!

सकाळी पेन्शनच्या हयातीच्या कागदावर अंगठा उठवला. शेजारी जसिंतानं सही केली. आणि ट्यूब पेटली. तुला मागायचं नाही ना? नको मागू. मी मागते. अर्ज माझा, अंगठा माझा. तू फक्त शेजारी साक्षीदाराची सही कर, चाळीस वर्षं करतेस तशी. तुझा नियम मोडला नाही, मदरना तुझी सही मिळाली.

जसिंता म्हणते, मदर मानतील का हे?

"मदर गोव्याच्या हायत, खुळ्या न्हाईत."

२४ जुलै, गुरुवार

अर्ज तयार. वहीतपण उतरवून ठेवलाय:

"मदर यांस. मी हौसाबाई, शिष्टर फिलोमिनाची माहेरची. आमच्या लेकीला पंचमीसाठी चार दिवस धाडावे. पूजेला बसवणार नाही, झोक्यावर बसवू. चढवायला आळीतल्या चार सुना आहेत. दवाखान्यात पाय ठेवू देणार नाही. (जसिंता म्हणते हे लिहू नका, ऐकणार नाही ती. तरी लिही.) पाचव्या दिवशी पिशवी भरून पोचती करू. निशाणी डावा अंगठा."

अंगठ्याला शाई जास्त झाली. वरच्या ओळीलापण लागली. शेजारची जागा कोरी ठेवलीय, मोठी, तुझी सही लांबलचक असते.

तात्या विचारत होता, "येतीया का?" म्हटलं, गोळी गिळ, सांगते.

२७ जुलै, रविवार

परवा पंचमी. उद्या सकाळच्या गाडीनं दिनकर निघतो. पगडी नको म्हणाला, टोपी घातली. बुटात तोंड दिसतंय. गेटवर काय म्हणायचं ते तीनदा म्हणून दाखवलं, अगदी सलाम मारून. "मुराळी आलोय, शिष्टरबाईला न्यायला." सून हसून हसून बेजार.

झोका चिंचेला बांधलाय. फळी रुंद लावली, तुझ्या मापाची. छत्री खुंटीला आहे, पाऊस असला तरी उगाच त्याचं निमित्त सांगू नको.

सही करशील का नाही, मला ठाऊक नाही. जसिंता म्हणते करतील. तात्या म्हणतो न्हाई करायची. मी दोघांनाही चहा दिला.

दिनकरच्या पिशवीत अर्ज, ही वही, आणि डबा. डब्यात पुरणाची दिंडं, उकडलेली, गूळ बेताचा, तुझ्या साखरेसाठी. नव्वदीच्या शिष्टरलापण दे, मऊ आहेत, तोंड उघडायला लागणार नाही फार.

आणि डबा रिकामा माघारी यायचा नाही. तू नाताळाला करतेस ते केळ्याचे काप घाल, खोबरेल तेलातले. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मी म्हटलं होतं केसाचं तेल आहे, आता त्याच्याशिवाय होत नाही. पंचमीला आपल्यात चिरत नाहीत, तळत नाहीत, तेव्हा दिनकर पोचला की त्याच दिवशी तळ. मीठ चढं, मिरपूड नको. येणार असशील तर डबा तुझ्या हातात धर. नाहीतर दिनकरकडं दे, पण मग अर्धाच भर. उरलेले काप आणायला तुला यावंच लागेल.