सातव्या घराचा उंबरा

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

श्रेणिकसर कॉलेजातून मुद्दाम घरी आले. सोमवारी संध्याकाळी माझं भाषण. विषय त्यांनीच ठरवलाय — खडतर बालपण आणि सैन्यातलं नेतृत्व. "कर्नलसाहेब, पोरांना पेटवा की जरा!" पेटवा म्हणे! पंचवीस वर्षं फौजेत काढून आता मी काडेपेटी झालो.

लिहायला बसलो. कोडोलीचं गुऱ्हाळ. बाबा गेल्यावर आई, आमची अव्वा, तिथं मजुरीला जायची, मी नवव्या वर्षी गुळाच्या कढईखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारायचो. हातापायांना फोड. दुसऱ्याला जाळापुढं ढकलून आपण लांब उभं राहायचं नाही, हे तिथं शिकलो. म्हणून कंपनी हाताखाली आली तेव्हा प्रत्येक दारातून पहिला मी आत. झकास जमलं. शिवलीलाला वाचून दाखवलं. म्हणाली, "यात सम्राट कुठाय?"

ही बायको तोफखान्यात हवी होती. नेम चुकत नाही.

१३ नोव्हेंबर

सम्राटचं नाव घालून बघितलं. जमंना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय?

काश्मीरमधलं ते शहर. अरुंद गल्ली, घराला घर चिकटलेलं. एकेक घर तपासत चाललेलो. सातवं घर. पुढं मी, मागं माझा जवान सम्राट — मलकापूरचा, बावीस वर्षांचा. दाराला लाकडी उंबरा. मी तो ओलांडून आत गेलो. ठरवून नव्हे! अव्वा रोज उंबरा धुऊन हळदीकुंकू लावायची. त्यावर पाय पडला की पाठीत धपाटा. ते अंगातच मुरलेलं. सम्राटनं मात्र पाय दिला. फळीखाली स्फोटकं होती.

माझा फक्त डावा कान गेला.

सुरुंगांचं सगळं शिकवलं होतं जवानांना. उंबऱ्यावर पाय देऊ नका, एवढं मात्र कधी बोललो नाही. वाटायचं, हे काय सांगायचं? सगळ्यांच्याच आयांनी शिकवलेलं असतंय! त्याच्या आईला, विठाबाईंना, एवढंच ठाऊक — पोरगा स्फोटात गेला. अकरा वर्षं झाली. एवढ्या दारांतून घुसलो, पण त्या बाईच्या दारात जायला भ्यालो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शिवलीलाशी भांडण. "आधी मलकापूर, मग भाषण." जातो बाई, जातो!

१६ नोव्हेंबर, रविवार

मलकापूरला जाऊन आलो. विठाबाईंचं घर आता पक्कं आहे. दारातून शिरताना माझा पाय आपोआप उंबऱ्यावरून उचलला गेला. खाली बसलो आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

त्यांनी चहा माझ्यापुढं सरकवला. मग विचारलं, "तुमी फुडं हुता न्हवं?"

"व्हय."

"आन् त्यो मागं?"

"व्हय."

उठून आत गेल्या. चहा समोर निवून गेला, तरी मी बसून. त्या काही बाहेर आल्या नाहीत. शेवटी दार ओढून घेतलं आणि निघालो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच विठाबाईंचा फोन. उजव्या कानाला लावला.

"सायेब, तुमी मनाला लावून घिऊ नगा. मीच त्याला शिकवलं न्हाई. खाणीवर खडी फोडायचो आमी, पोरगं कापडाच्या पालात वाढलं. पालाला कुठला आलाय उंबरा?"

आणि आज संध्याकाळी मी पोरांना गरिबी शिकवणार होतो!